हवापाणी

“अगो पोरी, ह्यो ऊन बघायचा हाय, वापरायचा नाय!”

कुलाब्याच्या कोळीवाड्यातल्या नाखविणीचा तो आवाज जमुनेच्या कानात बसला तो कायमचाच. ती नवी नवी मुंबईत आली होती तेव्हा. चैताचं ऊन पडलं होतं, लख्ख, घासलेल्या पितळी परातीसारखं. असं ऊन पाहून अकोटची लेक स्वस्थ कशी बसणार? तिनं गहू भिजवले, चीक शिजवला, खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरलं आणि उजाडता उजाडता सोऱ्यानं कुरडया घालून मोकळी झाली. कुंपणापलीकडून मासळीची पाटी घेऊन निघालेली नाखवीण थांबली. तिनं खाटेकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, आणि हे बोलली. वर हसलीसुद्धा.

जमुनेला तेव्हा राग आला होता. ऊन वापरायचं नाही म्हणजे काय? आमच्याकडं ऊन घरचं माणूस आहे. ते मिरच्या वाळवतं, डाळ वाळवतं, वेचून आणलेल्या कापसातलं दहिवर काढतं, आणि दुपारच्याला तुमचा घसाही वाळवून ठेवतं. कामात कसूर म्हणून नाही. पण संध्याकाळी पाहिलं तर कुरडया बोटाला चिकटत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांच्यावर काळे ठिपके पडले आणि कुणी बघायच्या आत तिनं त्या समुद्रात नेऊन टाकल्या.

आता ती माहेरी निघाली होती. भुसावळपर्यंत आगगाडी, आणि तिथून पुढं चुलत्याची, खुशालरावाची बैलगाडी. होळी नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही बाजूंनी काळं रान, त्यात कापसाच्या पऱ्हाटीची उभी वाळकी झाडं, आणि मधून येणारा वारा असा, की जणू कुणी तव्यावरून फुंकर घालतंय.

“काय वं जमे, लय गुमसुम?” खुशालराव मागं न वळताच म्हणाला.

“ओठ फुटले, काका.”

“फुटनारच. वऱ्हाडात आली ना तू. इथं हवा फुकटात ओठ फाडते, कोनाले काई मागत नाई.”

जमुना हसली, आणि हसताना ओठ आणखी फुटला. पण रक्ताची ती खारट चवही तिला ओळखीची वाटली. मांडीवर तिनं एक गाठोडं घट्ट धरून ठेवलं होतं. त्यात यंदाच्या कुरडया होत्या, मुंबईत केलेल्या. माघातले कोरड्यातले कोरडे दिवस पाहून केलेल्या, दुपारी कौलांवर ठेवलेल्या, सांजेला झाकलेल्या, रात्री चुलीच्या उबेला जपलेल्या. एवढं पोटच्या पोराला जपत नाहीत. आईला दाखवायच्या होत्या. बघ, समुद्राच्या काठीही तुझ्या लेकीनं कुरडई वाळवली.

तिचा नवरा देवीदास कापसाचा पारखी. दूर देशी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि त्यामुळं वऱ्हाडच्या बोंडाकडं साऱ्या जगाचे डोळे लागले होते. अमरावतीच्या एका अडत्यानं देवीदासला मुंबईला ठेवलं होतं, कुलाब्याच्या मैदानावर आपल्या गाठींची राखण करायला. वैशाखातल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो सासुरवाडीला यायचा होता, जमुनेला परत न्यायला. लेकींनी अखजीला माहेरी असावं ही वऱ्हाडातली रीत, आणि जमुनेची ती रीत लागोपाठ दोनदा चुकली होती. म्हणून यंदा ती दीड महिना आधीच निघाली.

अकोटच्या वेशीशी नत्थुजीचं घर. गाडीचा आवाज ऐकून पार्बताबाई पदर खोचत बाहेर आली, लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. बराच वेळ पाहिलं.

“काय पाहून राहिली वं माय?”

“गाल पाहून राहिली. सुजले कावून?”

“सुजले नाई. बरे झाले.”

“मी का आंधळी हाय? बोट रुतते यात.” पार्बताबाईनं बोट रुतवून दाखवलंच. “हे मांस नाई, पानी हाय. समुद्राचं पानी भरलं तुह्या आंगात.”

जमुनेनं गाठोडं सोडून कुरडया काढल्या. पार्बताबाईनं एक हातात घेतली आणि मोडून पाहिली. अकोटात कुरडई मोडली की कट्ट वाजते. ही वाजली नाही. नुसती वाकली आणि मग नाइलाजानं तुटली. वाटेत कोरड्या वाऱ्यात एवढे दिवस राहूनही आतला दमटपणा काही निघाला नव्हता. तेलात टाकली तर मोगऱ्यासारखी उमलायची ती कडेनं जरा हलली, आणि पिवळी होऊन तशीच पडून राहिली.

“सादळली,” पार्बताबाई म्हणाली. तिनं ती झाऱ्यानं काढून ताटलीत ठेवली आणि एकदा तिच्याकडं, एकदा लेकीकडं पाहिलं. “तुनं वाळवाले काई कमी केलं नसन. मले माहीत हाय तुहा हात. पन जे हवापानी कुरडईले मानवत नाई, थे मानसाले काय मानवन?”

त्या एका वाक्यानं सगळं ठरलं. जमुनेला ते त्या दिवशी कळलं नाही, हळूहळू कळलं.

संध्याकाळी नत्थुजी शेतावरून आला. तो कमी बोलणारा माणूस. लेकीच्या पाठीवरून त्यानं एकदा हात फिरवला, हातपाय धुतले, ओट्यावर बसला आणि एवढंच विचारलं, “आपला कापूस तिथं कसा दिसते?”

“बा, तिथं कापसाचे डोंगर हायेत. कुठकुठल्या मुलुखाच्या गाठी. पन आपली गाठ उकलली की लगेच वळखू येते.”

“ते कसं?”

“वासानं.”

“कापसाले कोनता वास असते?”

“त्येच तं. तिथं सगळ्याले समुद्राचा वास लागते. दोराले, पोत्याले, मानसाच्या केसाले. आपली गाठ फोडली की कशाचाच वास येत नाई. मंग तिथले मोठमोठे शेटजी हात घालतात अन् म्हनतात, वऱ्हाड का? अन् हे म्हनतात, वऱ्हाड.”

नत्थुजी पाठ ताठ करून बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, तिसऱ्या दिवशीही, आणि रोज तेच उत्तर ऐकून रोज तसाच ताठ बसला. गावात तो ही गोष्ट किती जणांना सांगून आला होता ते जमुनेला पुढं विहिरीवर कळलं. “कशाचाच वास नाई म्हनते!” बाया एकमेकींना सांगत होत्या, आणि अशा तोऱ्यात, जणू अत्तराचीच गोष्ट.

चैत्र लागला तशा आळीतल्या बाया मुंबईची गोष्ट ऐकायला जमल्या. पार्बताबाईनं सगळ्यांसाठी कुरडया तळल्या. ताटात कुरडया आल्या त्या पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या, एकेक तळहाताएवढी. जमुना पाहतच राहिली. या तिच्या नव्हत्याच.

“घ्या बाई,” पार्बताबाई ताट फिरवत म्हणाली, “ह्या माह्या जमुनानं मुंबईच्या उनात वाळवल्या.”

शेजारच्या दुर्गाबाईनं एक उचलली. या दोघींची कुरडईवरून चुरस जमुनेच्या जन्माआधीची. दुर्गाबाईनं ती उजेडात धरली, वास घेतला, कडेचा तुकडा मोडला. कट्ट वाजलं.

“मुंबईचं ऊन लय भारी दिसते, बाई,” दुर्गाबाई म्हणाली. “अगदी तुमच्याच आंगनातल्यासारखं!”

“असनच. माही लेक हाय ना तिथं.”

बाया हसल्या. जमुनेनं मान खाली घातली. आईनं हे कशासाठी केलं ते तिला कळत होतं. लेकीची कुरडई सादळली हे दुर्गाबाईला कळू देण्यापेक्षा पार्बताबाईनं अख्खी मुंबई कोरडी केली असती.

“मंग सांग ना वं,” दुर्गाबाई जमुनेकडं वळली. “तिथलं हवापानी कसं हाय?”

जमुनेनं डोळे वर केले. या प्रश्नाची ती आल्यापासून वाट पाहत होती, पण विचारलं कोणी नव्हतं. आईनं तर परस्पर उत्तरच देऊन टाकलं होतं.

“काकू, आपल्याकडं हवा येगळी, पानी येगळं. हवा रानात, पानी विहिरीत. त्यायची भेट होते तं पावसाळ्यापुरती. तिथं असं नाई. तिथं हवा अन् पानी एकाच घरात राह्यतात. कोनती हवा अन् कोनतं पानी, वळखू येत नाई.”

“मंग तहान लागत नसन!”

“लागते. उलट जास्त लागते. आपल्याकडं घाम येते अन् वारा घेऊन जाते, कळतही नाई आला का गेला. तिथं घाम पाहुन्यासारखा बसून राह्यते. चैतात, वैशाखात तं असं वाटते, कोनी ओलं फडकं तोंडावर धरलं. मीठ ठेवलं तं वाटीत पानी होते. गूळ रडते. पावसाळ्यात वहानेले बुरशी येते, एका रातीत.”

“अवं माय!” बाया म्हणाल्या. पार्बताबाईनं जिंकल्यासारखं सगळ्यांकडं पाहिलं, आणि मग आपण आताच तिथल्या उन्हाची वाखाणणी केली हे आठवून पदरानं तोंड पुसलं.

“पन,” जमुना म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा बदलला, “दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटते. त्याले खारं वारं म्हनतात. तो दारातून आत येते अन् घरातलं सगळं हलवून जाते. अन् पहाटे दुसरा वारा, जमिनीवरून समुद्राकडं. त्याचं नाव मतलई. त्या वाऱ्यावर कोळी लोक होड्या घेऊन आत जातात, अन् खाऱ्या वाऱ्यावर परत येतात. जाताना येगळा वारा, येताना येगळा. रोज. कोनी बोलवाले जात नाई त्याले.”

“वाऱ्यायले नावं?” एक म्हातारी म्हणाली. “आपन तं नुसतं वारा म्हनतो बाई.”

“मी उठल्याबरोबर सांगू शकतो कोनता वारा हाय ते. डोळे मिटून. तिथली एक नाखवीन हाय, तिनं शिकवलं. आता तीच मले इचारते कधीकधी, का वं वऱ्हाडनी, आज कसा?”

हे सांगताना ती ताठ बसली होती, बापासारखी. पार्बताबाईच्या ते लक्षात आलं. पण तिला वाटलं, लेक माझ्या अब्रूसाठी बोलतेय. मी ताट फिरवलं, तिनं गोष्ट फिरवली. लेक शहाणी आहे.

“एवढं चांगलं हाय तं पोरीले परत पाठवत असान मंग लवकर,” दुर्गाबाई उठता उठता म्हणाली.

पार्बताबाईनं ऐकलं न ऐकलं केलं.

जमुनेनं बायांना एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. ती कुणालाच सांगितली नव्हती.

लहानपणापासून तिचा आवाज फाटका होता. पार्बताबाई जात्यावर बसली की आळीतल्या बाया आपली जाती थांबवून ऐकत. आणि तिचीच लेक तोंड उघडायची तर वाळक्या पळसाच्या पानावरून कुणी चालल्यासारखा आवाज यायचा. वैशाखात घोळणा फुटून नाकातून रक्त यायचं, घशात काटे उभे राहायचे. माय म्हणायची, “तू नुसती खुंट्याले हात लाव, मी गाते.” जमुनेनं शेकडो ओव्या पाठ केल्या आणि एकही गायली नाही. मुंबईत पहिला पावसाळा सरता सरता एका पहाटे ती एकटीच दळायला बसली होती. मतलई वाहत होता. सवयीनं तिनं ओठांतल्या ओठांत मायची एक ओवी म्हटली, आणि दचकून थांबली. कुणीतरी दुसरंच गायलं होतं. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. घशातलं काहीतरी भिजून सुटलं होतं, मऊ झालं होतं. आवाज जाडसर होता, खाली लागणारा, पण अखंड. कुंपणापलीकडं कुणाचं तरी दार उघडलं. मग रोज उघडू लागलं. कोळणी आपल्या टोपल्या भरता भरता थांबायच्या. जे तिथं वाळायला हवं ते वाळत नव्हतं खरं, पण जे तडकलं होतं ते तिथं सांधलं होतं.

हे मायला कसं सांगायचं? तुझ्या अंगणात जे आलं नाही ते मला परक्या गावात आलं? माहेरी बसून, माहेरचं दूध पीत, सासरी बरं वाटतं म्हणायचं? अशी लेक कुणी पाहिली होती का वऱ्हाडात? तिला येत असलेल्या सगळ्या ओव्या तिनं मनात उलटून पाहिल्या. सगळ्या इकडंच वळत होत्या. माहेरची वाट, माहेरचा भाऊ, माहेरचं बोरीचं झाड. दुसऱ्या दिशेला जाणारी एकही नव्हती.

चैत्र उतरणीला लागला. एका दुपारी ती सुपात डाळ पाखडत होती, आणि आत माय-बा बोलत होते.

“शेजारचं रान मी बटईनं घेतलं,” नत्थुजी म्हणत होता. “यंदा सगळ्यात कापूस. एकट्याच्यानं होत नाई. जावयासारखा पारखी घरात असला तं काय इचारता!”

“मी तेच म्हनतो,” पार्बताबाई म्हणाली. “अखजीले थे आले की तुमी सांगा. पोरीले तिथलं पानी लागलं. गाल पाह्यले नाई का तुमी? काई बोलत नाई बिचारी, पन मायले कळते.”

“तिले इचारलं का?”

“तिले काय इचारता? माहेरी राहाले कोनी नाई म्हनते का?”

सूप जमुनेच्या हातात तसंच राहिलं. देवीदासचं तिला माहीत होतं. सासऱ्याचा शब्द तो कधीच खाली पडू देणार नाही. मुंबईचं काम त्याचंही आवडतं होतं. वऱ्हाडची गाठ म्हणताना त्याचा चेहरा कसा होतो ते तिनं पाहिलं होतं. पण नत्थुजी बोलला की तो मान खाली घालून व्हय म्हणेल आणि पुन्हा कधी तो विषय काढणार नाही. म्हणजे बोलायचं ते तो यायच्या आत. आणि बोलायचं तिनंच.

ती आत गेली. “माय,” ती म्हणाली.

“काय वं?”

“काई नाई. डाळ झाली.”

असं त्यानंतर कितीतरी वेळा झालं. विहिरीवर, चुलीशी, गोठ्यात. प्रत्येक वेळी माय अशी वळून बघायची, अशा मायेनं, की शब्द घशातच सादळून जायचे. आणि त्यातच घोळणा फुटला. पार्बताबाईनं कांदा हुंगवला, टाळूवर पाणी थापलं आणि हळहळली, “पाह्य, केवढं रक्त साचवून ठेवलं त्या मुंबईनं!”

अखजीच्या आदल्या दिवशी सांगावा आला. देवीदास अकोल्याला पोचला होता, सकाळी निघून येणार होता. नत्थुजीनं नवा फेटा काढून ठेवला. पार्बताबाईनं पुरणासाठी डाळ काढली, आणि पहाटे जरा लवकरच लेकीला हलवलं. “ऊठ वं बाई. गहू दळाचे हायेत. पोळ्यायले पीठ कमी पडन.”

दोघी जात्याशी समोरासमोर बसल्या. एका खुंट्यावर दोघींचे हात, एकावर एक. बाहेर अजून गारवा होता, वैशाखातल्या पहाटेला असतो तेवढाच, सूर्य उगवला की विसरून जावा असा. पार्बताबाईनं पहिली मूठ टाकली, जातं फिरवलं आणि गाऊ लागली.

माहेराचं ऊन, जसं दुधावरची साय
लेकीच्या वाटेवर उभी तिची माय

आवाज तसाच होता, कोरडा, उंच, टाकीच्या घावासारखा स्वच्छ. जमुनेला लहानपणी वाटायचं तसंच आताही वाटलं, की हा आवाज ऐकून गव्हालाही पीठ व्हावंसं वाटत असेल. केवढी माय आहे आपली! आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, की बोलायची ही शेवटची पहाट आहे.

जात्याची एक रीत होती. जात्यावर बाई जे गाईल ते जात्यापुरतं. सासूची निंदा गा, नवऱ्याचा राग गा, दिराची टिंगल गा. पीठ भरून उठलं की कुणी त्याचं नाव काढायचं नाही, कुणी जाब विचारायचा नाही. म्हणून तर बायांना जातं जड वाटत नसे.

पार्बताबाईनं दम घ्यायला ओवी थांबवली. दुसरी मूठ टाकली. घरघर चालू राहिली. आणि जमुना गाऊ लागली.

समुद्राच्या काठी हवा पान्यानं भरली
गळ्यातली माह्या गाठ तिथं गं उकलली

पार्बताबाईचा हात खुंट्यावर होता तो तसाच फिरत राहिला, पण तिची नजर वर आली. जमुनेनं नजर भिडवली नाही. दीड महिन्याच्या कोरड्या हवेनं तिचा आवाज जरा खरखरला होता, पण तुटला नाही. खालून आला, जात्याच्या घरघरीत मिसळला आणि त्याच्या वर आला.

माहेर माहं सोनं, उनात लखलखे
जीव माहा बाई, खारं वारं राखे

शेजारी दुर्गाबाईचं जातं चालू होतं, ते थांबलं. दोघींनाही ते कळलं. जमुनेनं डोळे मिटून घेतले. पुढची ओवी तिनं कुठून शिकली नव्हती, रचून ठेवलीही नव्हती. ती खुंट्याबरोबर फिरत आली आणि बाहेर पडली.

माहेराच्या ओव्या तुनं शिकवल्या लई
सासराच्या ओढीची गं शिकवली नाई

पार्बताबाईनं खुंटा धरला. जातं थांबलं. पाळीवरून थोडं पीठ ओघळलं आणि थांबलं. बाहेर पहिला कोंबडा आरवला.

“हा आवाज कोनाचा वं?” पार्बताबाई शेवटी म्हणाली.

“माहाच.”

“इथं तं नोता तुह्यापाशी.”

“नोता. तिथं आला.”

“मले सांगितलं नाई.”

“तुले वाईट वाटन म्हनून.”

“वाईट?” पार्बताबाईनं पिठाचा हात तसाच लेकीच्या गळ्याला लावून पाहिला, मघाशी कुणी तिथं काही लपवून ठेवलं होतं की काय असा चाचपला. मग हात मागं घेतला आणि शेजारच्या भिंतीकडं मान केली. “दुर्गाबाई! थांबल्या कावून? आयकलं का? माह्या जमुनाचा आवाज हाय, दुसऱ्या कोनाचा नाई!”

भिंतीपलीकडून आवाज आला, “आयकलं बाई, आयकलं! आता गाऊ तं द्या पोरीले!”

पार्बताबाई हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. ती लेकीकडं वळली. लुगड्याचा पदर गुडघ्यावर नीट केला. ती विचार करत होती, आणि विचार करणारी माय जमुनेनं फार थोड्या वेळा पाहिली होती. पार्बताबाईचं सगळं आधीच ठरलेलं असायचं.

“तुह्या बानं रान घेतलं,” ती म्हणाली.

“आयकलं मी.”

“थे आज बोलनार हायेत जावयाले.”

“माहीत हाय.”

“जमे, मी एक इचारतो. एकदाच इचारतो.” पार्बताबाईचा आवाज खाली आला. “तू आता जे गायली ते जात्यापुरतं का खरं? जात्यापुरतं असन तं मी आयकलं नाई. पीठ भरू, पुरन घालू, थे आले की मी हसत सामोरी जाईन, अन् तुले माह्याजवळ ठेवून घेईन. कोनी कोनाले काई इचारनार नाई. सांग.”

दार उघडं होतं. जात्यापुरतं, एवढं एक म्हटलं की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मायचा मान, बाचं रान, अखजीचा सण. जमुनेनं खुंट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“खरं हाय, माय,” ती म्हणाली. “माहे गाल सुजले नाई. मले तिथं बरं वाटते. कुरडया वाळत नाई, मीठ पाझरते, अन् तरी बी मले तिथं लय बरं वाटते. थे आले की मी त्यायच्यासंगं परत जाईन. अन् बाले तू काई सांगू नको. बाले मी सोता सांगीन.”